तोंडातील बुरशी, बुलिमिया आणि 'कॅन्डिडा डाएट' : सल्ला हवा आहे

निशिगंध

नमस्कार. या संकेतस्थळावर मी गेली काही वर्षे वाचनमात्र आहे. आज प्रथमच लिहीत आहे, कारण हा विषय ओळखीच्या माणसांपाशी काढणे मला जमलेले नाही.

माझे वय २८ वर्षे असून नोकरीनिमित्त मी पुण्यात दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहते. बारावीच्या वर्षापासून मला बुलिमिया आहे, म्हणजे थोड्या वेळात खूप खाणे आणि नंतर ते उलटून टाकणे. घरच्यांना हे पाच वर्षांनी कळले आणि त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले. एस्सिटॅलोप्रॅमची (नैराश्यावरील) गोळी आणि समुपदेशन दोन्ही चालू आहेत, आणि गेले वर्षभर मी पुष्कळ सावरले होते. दिवाळीनंतर मात्र कामाचा ताण आणि घरातले एक आजारपण यांमुळे सहा-सात आठवडे पुन्हा घसरण झाली. ती आता थांबली आहे, असे जपूनच म्हणते.

त्याच सुमारास तोंडाच्या तक्रारी सुरू झाल्या. गालांच्या आतल्या बाजूला दह्याचे कण चिकटून राहावेत तसे पांढरे ठिपके आहेत. जीभ लाल आणि गुळगुळीत झाली आहे, जिवणीचे दोन्ही कोपरे चिरले आहेत आणि जांभई देतानाही ते दुखतात. साधी आमटीसुद्धा झोंबते. रात्री तोंडाला अशी कोरड पडते की उशाशी तांब्या ठेवूनच झोपावे लागते. आईने फोनवर ऐकून 'तोंड आले असेल, उष्णता झाली असेल' असे म्हणून गुलकंद खायला सांगितले. त्याने काही फरक पडला नाही.

घराजवळच्या दंतवैद्यांनी पाहून 'ही बुरशी आहे, कॅन्डिडा' असे सांगितले आणि फ्लुकोनॅझोलच्या (बुरशीवरील) गोळ्या लिहून दिल्या. 'दुसरा काही आजार आहे का, औषधे काही चालू आहेत का' असे त्यांनी विचारले, तेव्हा मी सरळ 'नाही' म्हणाले. दार उघडे होते आणि बाहेरच्या बाकावर आमच्याच कार्यालयातील एक जण बसलेला होता. गोळ्या आणून ठेवल्या आहेत, अजून घेतलेल्या नाहीत.

दरम्यान इंटरनेटवर शोधताना 'कॅन्डिडा डाएट' सापडला. बुरशी साखरेवर जगते, म्हणून तिची उपासमार करायची, असा त्याचा सिद्धांत आहे. ४५ दिवस साखर, गूळ, गहू, तांदूळ, फळे, दूध आणि आंबवलेले सर्व पदार्थ बंद. ती यादी वाचून मला मनातून जो आनंद झाला, त्याचीच मला भीती वाटली, आणि खरे तर म्हणूनच हा धागा काढत आहे. असे पथ्य खरोखर आवश्यक आहे का? गोळ्या घ्याव्यात का? दंतवैद्यांना बुलिमियाविषयी सांगितल्याने उपचारात काही फरक पडतो का? आणखी एक गोष्ट म्हणजे, तोंड स्वच्छ राहावे म्हणून मी हल्ली दिवसातून चार-पाच वेळा ब्रश करते, जीभही जोर लावून घासते, तरी दात सतत आंबल्यासारखे वाटतात. महाविद्यालयात असताना दातांना तारा लावल्या होत्या, त्यामुळे दात जागेवर राहावेत म्हणून रात्री रिटेनर (दातांवर बसवायचा प्लास्टिकचा साचा) घालते. त्याचा याच्याशी काही संबंध असू शकतो का?

दंतमंजन

निशिगंध, प्रश्न नेमका मांडल्याबद्दल आभार. तोंडाच्या आतील अस्तराचे रोग पाहणारी दंतवैद्यकाची जी शाखा आहे, तिच्यात मी बावीस वर्षे काम करते. तुम्हाला न तपासता लिहीत आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

कॅन्डिडा बाहेरून येऊन बसलेला पाहुणा नव्हे. धडधाकट माणसांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांच्या तोंडात तो असतोच आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्याला काबूत ठेवण्याचे मोठे काम लाळ करते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती तोंड सतत धुऊन काढते, आम्लाचा जोर मोडते, आणि तिच्यात हिस्टॅटिन, लायसोझाइम, लॅक्टोफेरिन यांसारखी बुरशीला आवरणारी प्रथिने असतात. म्हणून तोंडात बुरशी माजलेली दिसली की माझा पहिला प्रश्न 'गोड किती खाता' हा नसतो, 'लाळेचे काय झाले' हा असतो. तुमच्या बाबतीत त्याचे उत्तर तुम्हीच देऊन ठेवले आहे. वारंवार उलट्यांमुळे शरीरातील पाणी कमी होते, नैराश्यावरील बहुतेक गोळ्यांनी थोडीफार कोरड पडते, आणि झोपेत लाळ मुळातच फार कमी सुटते. तशा कोरड्या तोंडात रात्रभर रिटेनर बसवला, तर त्याच्याखाली लाळ पोहोचत नाही आणि प्लास्टिकच्या पृष्ठभागावर बुरशीचा पातळ थर धरतो. तेव्हा रिटेनरचा संबंध आहे, आणि चांगलाच आहे. तो रोज घासून धुवावा, दिवसा कोरडा ठेवावा, निर्जंतुक करण्याचे द्रावण दंतवैद्यांकडून घ्यावे. उकळत्या पाण्यात टाकू नये, वेडावाकडा होतो. जुना, ओरखडे पडलेला असेल तर तो बदलणेच बरे.

पांढरे ठिपके ओल्या कापसाने पुसले असता निघतात आणि खाली लालसर, क्वचित रक्ताळलेली जागा दिसते का, हे आम्ही पाहतो. बुरशीचे एक लक्षण ते आहे. न निघणारा पांढरा चट्टा ही वेगळी गोष्ट असते, विशेषतः तंबाखूची किंवा मिश्रीची सवय असणाऱ्यांमध्ये, आणि तिथे अंदाजाने औषध देऊन भागत नाही. शंका असेल तर खरवडून काचपट्टीवर तपासणी करता येते. हे घरी आरशासमोर करत बसू नका, दुखऱ्या जागेला इजा होईल.

जीभ गुळगुळीत होणे आणि जिवणी चिरणे ही दोन लक्षणे मला अधिक बोलकी वाटतात. जिवणीच्या चिरांमध्ये कॅन्डिडा असतो, पुष्कळदा त्याच्या जोडीला स्टॅफिलोकॉकस हा जीवाणूही असतो; परंतु त्यांना तिथे वाव मिळतो तो बहुधा लोह, बी-१२, फोलेट किंवा रायबोफ्लेविन कमी पडल्यामुळे. जिभेवरचे बारीक उंचवटे झिजून ती काचेसारखी दिसू लागते, तेव्हाही याच कमतरता तपासाव्या लागतात. नुसते औषध लावले तर चिरा भरतात आणि महिन्याभरात पुन्हा फुटतात. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि बी-१२ ही तपासणी मागून घ्या.

आता ब्रशविषयी, कारण इथे सर्वात जास्त नुकसान होते आणि ते स्वच्छतेच्या हेतूने होते. दातांचे वरचे कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते (पीएच हे आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र). जठरातील आम्ल १ ते २ पीएचच्या घरातले असते. उलटीनंतर कवच काही काळ मऊ पडलेले असते, आणि त्याच वेळी ब्रश फिरवला तर ते अक्षरशः खरवडून निघते. झालीच उलटी, तर साध्या पाण्याने किंवा पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात आणि ब्रशला निदान अर्धा तास, शक्य असेल तर तासभर हात लावू नये. एरवी दोनदा, मऊ ब्रशने, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणे पुरे आहे. पेस्ट थुंकल्यावर चूळ न भरता तिचा अंश दातांवर राहू द्यावा. जीभ घासणे तर सध्या पूर्ण थांबवा. दात आंबतात याचा अर्थ वरच्या पुढील दातांची आतली, टाळूकडची बाजू झिजलेली असण्याची शक्यता आहे. ती आरशात दिसत नाही, दंतवैद्याला मात्र पाहताक्षणी दिसते. त्यामुळे 'नाही' म्हटलेले त्यांना कदाचित पटलेही नसेल.

औषधाबाबत सांगायचे तर, सौम्य संसर्गाला आधी तोंडात लावण्याचे औषध पुरते: क्लोट्रिमॅझोलचे माउथ पेंट किंवा निस्टॅटिनचे द्रावण, जेवणानंतर, दिवसातून तीन-चार वेळा, एक ते दोन आठवडे. लावल्यावर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. क्लोरहेक्झिडिनची (जंतुनाशक) गुळणी दिली असेल तर ती आणि निस्टॅटिन यांच्यात अंतर ठेवावे, दोन्ही एकत्र आली की परस्परांना निष्प्रभ करतात. जाता जाता एक गंमत सांगते. निस्टॅटिनच्या कित्येक बाटल्यांमध्ये चवीसाठी चक्क साखर असते, आणि तरीही ते बुरशी मारते. 'उपासमार' सिद्धांताची किंमत यावरून ठरवावी.

फ्लुकोनॅझोल घेण्यापूर्वी मात्र थांबा. आपली खरी औषधे आणि खरा आजार त्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती गोळी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण येथील कोणी फिजिशियन अधिक चांगले सांगतील.

सुमनआजी

बाळ निशिगंध, तुझे लिखाण वाचून जीव कळवळला. आमच्या लहानपणी मुलांच्या तोंडात असा पांढरा चिकटा धरला की आजी टाकणखाराची लाही मधात खलून बोटाने लावत असे आणि दोन दिवसांत गुण येई. तू ते करून पाहावेस. सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घेतल्याने आणि पंधरवड्याला एकादशी निर्जळी केल्याने पोट साफ राहते, आणि पोट साफ तर तोंड साफ, असे आम्ही मानत आलो. तुझ्या डॉक्टरांचे औषधही चालू असू दे.

दंतमंजन

सुमनआजी, आपला जिव्हाळा पोहोचला, तरी दोन्ही गोष्टींना मला आदरपूर्वक विरोध करावा लागेल. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. बोरॅक्स आणि ग्लिसरीन यांचे मिश्रण एके काळी डॉक्टरही तोंडाला लावायला देत असत; पण तो पोटात गेल्यावर विषारी ठरतो, हे कळल्यावर ते मागे पडले, आणि तान्ह्या बाळांना तर तो आणि मध दोन्हीही देऊ नयेत. लिंबूपाणी घोट घोट पिणे म्हणजे आधीच झिजलेल्या दातांना रोज सकाळी आम्लाने अंघोळ घालणे आहे. निर्जळी उपवासाने लाळ आणखी आटेल. शिवाय ज्या व्यक्तीला खाण्याचा विकार आहे, तिच्यासाठी उपवास हा फार सोयीचा आडोसा असतो. सोमवार, चतुर्थी, एकादशी करणाऱ्या मुलीला घरात कोणी 'का जेवत नाहीस' असे विचारत नाही, उलट तिचे कौतुकच होते.

पेजभात

मी आहारतज्ज्ञ असून खाण्याचे विकार असलेल्या रुग्णांबरोबर काम करते, म्हणून पथ्याच्या प्रश्नापुरते लिहिते.

निशिगंध, यादी पाहून झालेल्या आनंदाची तुम्हाला भीती वाटली, हे वाक्य मी दोनदा वाचले. आजार पुन्हा डोके वर काढताना असाच येतो, औषधाचे नाव घेऊन. 'मला जेवायचे नाही' असे म्हटले की सगळे सावध होतात, पण 'मला पथ्य आहे' असे म्हटले की ताटातून पोळी काढून घ्यायला आईच मदत करते.

या पथ्यामागची कल्पना जुनी आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत असा एक समज फोफावला की थकवा, डोकेदुखी, उदासी, पोटफुगी अशा असंख्य तक्रारींचे मूळ शरीरभर पसरलेल्या कॅन्डिडात आहे, आणि साखर व यीस्ट वर्ज्य केले की त्या जातात. १९८६ मध्ये तिथल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने ही कल्पना तर्कावर आधारलेली आणि असिद्ध असल्याचे जाहीर केले. पुढे १९९० मध्ये अशा तक्रारी असलेल्या ४२ स्त्रियांना आळीपाळीने निस्टॅटिन आणि नुसती बनावट गोळी देऊन पाहण्यात आले. सर्वांगाच्या आणि मनाच्या तक्रारींमध्ये खऱ्या औषधाने बनावट गोळीपेक्षा विशेष अधिक गुण दिला नाही. इतके होऊनही तो समज मेला नाही. आता तो आपल्या भाषेतल्या चित्रफितींमधूनही फिरतो, आणि जोडीला सकाळी पेल्यात थुंकून लाळेचे धागे मोजण्याची एक तथाकथित चाचणीही सांगितली जाते. लाळेत चिकट द्रव्य असते, म्हणून ते धागे कोणाच्याही लाळेला सुटतात.

तुमच्या तोंडातली बुरशी मात्र खरी आहे, आणि या बाबतीत मला प्रामाणिक राहायचे आहे. साखर मिळाली तर कॅन्डिडा पेशींना अधिक घट्ट चिकटतो, हे प्रयोगशाळेत दिसते, आणि दिवसभर गोड गोळ्या चघळणे किंवा गोड पेये घोटघोट घेणे तोंडाला वाईटच. ब्राझीलमधील एका अभ्यासात खाण्याचे विकार असलेल्या स्त्रियांच्या तोंडात बुरशी इतरांपेक्षा अधिक आढळली होती. पण भात, पोळी, केळे बंद करण्याने ती जाते, हे यातून निघत नाही. उलट उपासमारीत लाळग्रंथींचे काम मंदावते, प्रतिकारशक्ती उतरते, लोह आणि जस्त आणखी घटते. बुलिमियात तर दीर्घ उपाशी राहण्याच्या पाठोपाठ अनावर खाणे येते, हे चक्र तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. म्हणून आमच्या उपचारात तीन जेवणे, मध्ये दोन-तीन छोटी खाणी, आणि जागेपणी तीन-चार तासांपेक्षा अधिक अंतर नाही, हा पाया मानतात. तोंडाच्या औषधाचे वेळापत्रकही त्याच जेवणांना बांधून टाका.

तोंड झोंबत असताना खायचे काय? मऊ मुगाची खिचडी आणि वर तूप, तांदळाची किंवा नाचणीची पेज, दहीभात, साय घालून कुस्करलेले केळे, शिरा, उकडलेल्या बटाट्याची फोडणी न दिलेली भाजी, पाण्यात अलगद शिजवलेले अंडे. ठेचा, लोणचे, चिंचेची आमटी आणि सोलकढी काही दिवस दूर ठेवा. हे पथ्य तोंड बरे होईपर्यंतचेच आहे, ते संपण्याची तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहा आणि कोणाला तरी सांगून ठेवा. लोह कमी निघाले तर गोळी लागेलच, आहाराने एवढी तूट लवकर भरत नाही. सोबत अळिवाचे लाडू, पालेभाज्या, खात असाल तर मटण किंवा कलेजी घ्यावी. जेवणाला लागून चहा घेऊ नये, लोह शोषले जात नाही. लिंबाने लोह शोषायला मदत होते, पण त्यासाठी ते घासावर पिळावे, पाण्यातून पिऊ नये.

पंचगंगाकाठ

माझे वय ३४, पुरुष आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या निदानाला उशीर होण्याचे ते एक कारण होते. मला पाच वर्षे बुलिमिया होता, आता तीन वर्षे बरा आहे.

दंतवैद्यांना बुलिमियाविषयी सांगावे का, या तिसऱ्या प्रश्नावर माझा अनुभव सांगतो. मी तीन दंतवैद्य बदलले आणि तिघांनाही 'मला आम्लपित्त आहे' असे सांगितले. प्रत्येकाने आम्लपित्ताची गोळी दिली, दातांमध्ये सिमेंट भरले, आणि वर्षभरात भरलेले सिमेंट दातापेक्षा उंच उरले, कारण भोवतालचा दात झिजत गेला होता. चौथ्या ठिकाणी मला तोंडाने सांगणे झाले नाही, म्हणून घरून चिठ्ठी लिहून नेली: 'मला बुलिमिया आहे, उपचार चालू आहेत, अमुक औषध घेतो, कृपया मोठ्याने बोलू नये.' डॉक्टरीणबाईंनी ती वाचली, घडी घालून मला परत दिली आणि दार लावून घेतले. त्यांनी उपदेश केला नाही. उलट, दातांवर कायमचे महागडे आवरण आताच बसवू नका, उलट्या थांबून काही महिने जाऊ द्या, तोवर तात्पुरते भरून दात वाचवू, असे सांगून माझे बरेच पैसे वाचवले. खरे कारण माहीत नसलेला डॉक्टर हा हिशेब करू शकत नाही. निशिगंध, तुमच्यासाठीही चिठ्ठी हा मार्ग आहे, किंवा फोन करून दिवसातली शेवटची वेळ मागून घ्या.

दोन गोष्टी मला आधी कोणी सांगायला हव्या होत्या. पहिली म्हणजे, उलट्या थांबल्यावर तीन-चार दिवसांनी कानाखालच्या लाळग्रंथी सुजू शकतात. माझे गाल असे भरले की कार्यालयात 'गालगुंड झाले का' असे लोक विचारू लागले, आणि आरशात ते पाहून 'मी जाड झालो' या विचाराने मी पुन्हा घसरणार होतो. ती ग्रंथींची सूज होती, चरबी नव्हती. गरम शेक आणि काही आठवड्यांचा काळ यांनी ती उतरली. दुसरी म्हणजे च्युइंग गम. कोरडेपणासाठी बिनसाखरेचा गम चांगला, हे खरे आहे, पण मी जेवणाऐवजी दिवसाला दोन-दोन पाकिटे चघळत होतो आणि त्यातल्या सॉर्बिटॉलने पोट बिघडून घेत होतो. जेवणानंतर एक, दहा मिनिटे, एवढाच घ्यावा. ज्याला तेवढ्यावर थांबता येणार नाही असे वाटते, त्याने पाण्याची बाटली जवळ ठेवावी, गमच्या वाटेला जाऊ नये.

स्टेथोस्कोप

दंतमंजन यांनी सोडलेला धागा उचलतो. मी फिजिशियन आहे.

वारंवार उलट्यांनी रक्तातील पोटॅशियम घटते, कधी मॅग्नेशियमही घटते. त्यामुळे हृदयाचा प्रत्येक ठोका झाल्यावर पुन्हा सज्ज होण्यास लागणारा वेळ वाढतो. ईसीजीवर हा क्यूटी कालावधी म्हणून मोजतात. तो फार लांबला तर ठोक्यांची लय धोकादायक रीतीने बिघडू शकते. एस्सिटॅलोप्रॅम हा कालावधी थोडा वाढवते. फ्लुकोनॅझोलही वाढवते, आणि शिवाय एस्सिटॅलोप्रॅमचा निचरा करणारे यकृतातील विकर (एन्झाइम) रोखून तिची रक्तातील पातळी चढवते. एकेकटी पाहिली तर दोन्ही औषधे लाखो लोक निर्धास्त घेतात. पण ती दोन्ही आणि तिसरे कमी पोटॅशियम एकत्र आले, तर ते संकट ओढवून घेणे होईल. तुमच्या दंतवैद्यांचा यात दोष नाही, त्यांना माहिती अर्धीच मिळाली होती. पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि ईसीजी पाहून, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून, गरज असेल तर फ्लुकोनॅझोल देता येते. त्याचा तोंडासाठीचा ठरावीक क्रम रोज १०० ते २०० मिलीग्रॅम, ७ ते १४ दिवस असा असतो. औषधाच्या दुकानात सहज हाती ठेवली जाणारी १५० मिलीग्रॅमची एकच गोळी मुळात योनिमार्गाच्या संसर्गासाठीची मात्रा आहे, हे इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो.

एस्सिटॅलोप्रॅम मनाने बंद करू नये. या वयात तोंडात बुरशी आढळली की रक्तातील साखर आणि एचआयव्ही या तपासण्या आम्ही सर्वांनाच सुचवतो, त्यात वेगळे काही समजू नये. गिळताना छातीच्या मागे दुखत असेल, तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असण्याची शक्यता असते आणि मग लावण्याच्या औषधाने भागत नाही. छातीत धडधड, घेरी, हातापायांतील ताकद जाणे किंवा उलटीत रक्त दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. रात्री-अपरात्री मन फार खचले तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

निशिगंध

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांचे मनापासून आभार, सुमनआजी, तुमचेही.

पंचगंगाकाठ यांच्याप्रमाणे मी चिठ्ठी लिहिली, संध्याकाळची शेवटची वेळ घेतली आणि त्याच दंतवैद्यांकडे गेले. त्यांनी चिठ्ठी वाचून पहिल्यांदा 'गोळ्या घेतल्यात का' असे विचारले आणि 'नाही' ऐकल्यावर त्यांनी सोडलेला सुस्कारा मला ऐकू आला. माझ्या मानसोपचारतज्ज्ञांना त्यांनी माझ्यासमोरच फोन केला. पोटॅशियम ३.३ निघाले, म्हणजे थोडे कमी. ईसीजी ठीक आहे. साखर आणि एचआयव्ही यांत काही निघाले नाही, बी-१२ पुरेसे आहे, फेरिटिन मात्र ७ आहे, म्हणजे फारच कमी. पोटॅशियमचे औषध आणि लोहाची गोळी सुरू झाली. फ्लुकोनॅझोलची गरज पडली नाही. क्लोट्रिमॅझोलचे पेंट जेवणानंतर लावत गेले आणि आठव्या-नवव्या दिवशी पांढरे ठिपके गेले. जिवणीला वेळ लागत आहे, तिथे वेगळे मलम दिले आहे. जिभेवर कडेने पुन्हा खरखरीतपणा येऊ लागला आहे, आणि कालची आमटी झोंबली नाही.

वरच्या चार दातांची आतली बाजू झिजली आहे, ती त्यांनी मला छोट्या कॅमेऱ्यातून दाखवली. पाहणे कठीण गेले. सध्या नुसता फ्लोराइडचा लेप दिला आहे, बाकीचे चार महिन्यांनी ठरवायचे आहे.

मधल्या काळात एक दिवस वाईट गेला. त्या रात्री सोड्याच्या पाण्याने चुळा भरल्या आणि ब्रश न करता, घड्याळ समोर ठेवून तासभर स्वयंपाकघरात बसले. मैत्रीण उठून आली आणि काय झाले म्हणून विचारू लागली, तिला सांगितले. पथ्याची ती यादी मी समुपदेशकांना दाखवली आहे आणि फोनमधून पुसली आहे. आईने अळिवाचे लाडू पाठवले आहेत, दुपारच्या खाण्यात रोज एक ठरला आहे. नवा रिटेनर सोमवारी मिळेल.